शेवंतामायचा ताईत

ताईत बांधून झाला की शेवंतामाय समोरच्याच्या मुस्काटात एक ठेवून द्यायची. नजर लागलेलं लेकरू असो की मिशीवाला बाप्या, सुटका नव्हती. मी एकदा गाल चोळत कारण विचारलं. "फुकट भेटलेली गोष्ट मानूस हरपवते," ती म्हणाली. "मार खाल्ला का आठोन राह्यते." मेडशीत आमचं घर तिच्या घराला लागून, त्यामुळे माझ्या गालाला आठवणी पुष्कळ.

तांब्याच्या नळीत बिब्ब्याचा तुकडा आणि अंगारा भरायचा, दोन्ही तोंडं मेणाने बुजवायची, की ताईत तयार. भूत, नजर, विंचू, परीक्षा, सगळ्यांवर तो चालायचा. समोरच्या कांताने मात्र तो नवऱ्यापासून राखण म्हणून बांधून घेतला. सुभाष तिला रोज मारायचा आणि गल्ली टीव्हीचा आवाज वाढवायची.

काही दिवसांनी कांता परत आली ती फाटलेला ओठ घेऊन. सुभाष भाविक माणूस. मारण्याआधी तो तिच्या दंडावरचा ताईत सोडायचा, देवासमोर ठेवायचा, पाया पडायचा आणि मग काठी उचलायचा.

"म्हंजे तो ताईताले भेते," माय म्हणाली. "मंग त्यालेच बांधतो." पारावर लोकांदेखत तिने त्याच्या दोन्ही दंडांवर ताईत बांधले. "या हातानं बाईले मारशीन तं हात झडून जाईन." सुभाष पांढराफटक पडला.

तुरीच्या सोंगणीपर्यंत त्याचा हात उठला नाही. मग एका दुपारी त्याने कांताला लाथांनी तुडवलं. हात मागे बांधून, जपून. तिच्या बरगड्या मोडल्या.

माय मुसळ घेऊन गेली आणि त्याच्या नडगीवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. "काहून मारलं, माय?" पोलीस ठाण्यात जमादाराने विचारलं. "मले वाटलं, ताईतानं भागन," ती म्हणाली. "नाई भागलं."

कांता माहेरी मानोऱ्याला गेली ती कायमची. जामिनावर सुटल्यावर मायने नळ्या भंगारात घातल्या. बायका तरी येतच राहिल्या. "ताईत नाई आता," ती सांगायची. "इथंच राह्य. तो आला तं मी हावो."

गेल्या उन्हाळ्यात एकीचा नवरा कुऱ्हाड घेऊन आला. मायने तिला आत ढकललं, आतून कडी लावायला सांगितली आणि स्वतः दारात उभी राहिली. या खेपेला गल्ली धावली, त्याला धरलं, पण तोवर माय उंबऱ्यावर पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंतही ती उरली नाही. आतल्या बाईने कडी काढावी म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत दाराशी बसून तिची समजूत घालत होतो.