पहिल्या बर्फाची मागणी

पाऊस लागला की काश्मीरातल्या गुंडपोरचा समद डार घराबाहेर पडायचा. बाकीचं गाव त्या वेळी आत पळत असे. छत्री घ्यायची नाही, घाई करायची नाही, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांखालून सावकाश जाऊन यायचं. पावसात कुणी वाट अडवून "काय रे समदा, लग्न कधी करतोस?" असं विचारत नाही. सगळेच मान खाली घालून चालतात. समद तर बारा महिने तसाच चालायचा, पण पावसात ते कुणाच्या डोळ्यावर येत नसे.

आणि हिवाळा म्हणजे त्याचा सणच. पायघोळ लोकरी फेरन चढवला की दोन्ही हात आत, पोटाशी कांगडी, म्हणजे टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मडकं. कुणाशी हात मिळवायला नको. बर्फ पडला की लग्नं थांबतात, पाहुणे थांबतात, रस्त्यावरचा आवाजसुद्धा बसतो. समदने खिडकीशी बसावं, वाळुंजाच्या काड्या भिजवून कांगडीभोवतीची टोपली विणावी, मधूनच काच पुसून बाहेर बघावं आणि स्वतःशी हसावं. अशा माणसाला लोक घुम्या म्हणतात, भित्राही म्हणतात. लोकांना काय, जो मोठ्याने बोलत नाही तो भित्रा असं ठरवून टाकलं की पुढे विचार करायला नको.

पण गेली कित्येक वर्षं हा सण समदच्या वाट्याला आलाच नव्हता. थोरला भाऊ खालिक दर हिवाळ्यात शाली विकायला अकोल्याला जायचा आणि गठ्ठा उचलायला समदला बरोबर न्यायचा. तिकडे डिसेंबरातही लख्ख ऊन. खालिकने दार वाजवायचं, "असली पश्मिना, भाभीजी, हात तर लावून बघा!" म्हणून सुरू करायचं, आणि मग ठरलेलं, "समदा, जरा अंगावर घेऊन दाखव." मग समदने गल्लीतल्या बायकापोरांसमोर शाल पांघरून उभं राहायचं, वळायचं, पुन्हा वळायचं. त्याचे कान लाल व्हायचे. मराठीतला त्याला एकच शब्द यायचा, 'नको', तोही ऐकून ऐकून. रात्री भाड्याच्या खोलीत तो गावाकडच्या बर्फाचा विचार करत पडायचा आणि सकाळी पुन्हा गठ्ठा उचलायचा.

"येणार नाही" हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. भावाने वाढवलेलं, भावापुढे तोंड उघडणं जिवावर यायचं. पण त्या वर्षी त्याने मनाशी पक्कं केलं की यंदा जायचं नाही. ठरवलं खरं, आणि गठ्ठे बांधून झाले तरी बोलायला जमेना. गोठ्यात गायीसमोर उभं राहून तो "मी येणार नाही" म्हणून बघायचा. गाय ऐकून घ्यायची. घरात आला की मूग गिळून बसायचा.

निघायला चार दिवस राहिले आणि बर्फ पडला. एवढ्या लवकर कधी पडत नाही. पहाटे खिडकी उघडून समदने पांढरं अंगण पाहिलं आणि त्याला कळलं की हीच वेळ आहे.

पहिल्या बर्फाच्या दिवशी काश्मीरात सगळं गाव एकमेकांवर टपून असतं. चिमूटभर बर्फ कशात तरी लपवून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने नकळत घेतला की "शीन!" म्हणून ओरडायचं. शीन म्हणजे बर्फ. मग घेणारा हरला, आणि देणारा मागेल ते त्याने द्यायचं. कोंबडा मागतात, मेजवानी मागतात. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की वर्षभर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. अकोल्याच्या वाऱ्या सुरू होण्याआधी समद या खेळात दरवेळी हरायचा, कारण कुणी काही पुढे केलं की त्याला नको म्हणता येत नसे. खालिक मात्र कधीच हरला नव्हता.

त्या सकाळी खालिक खिडकीत सावध होऊन बसला होता. शेजारचा गफार रुमालात काहीतरी घेऊन आला.

"खालिका, गरम रोटी आणलीय. भट्टीतून थेट तुझ्यासाठी!"

"तुझ्या रोटीला घाम फुटलाय रे! तूच खा!"

गफार दारातच हसत उभा राहिला. खालिकच्या बायकोचं नाव ताजा; ती खारा चहा ओतत होती. आणि समद आला, रोज सकाळी यायचा तसा, भावाची कांगडी भरून. रोज तोच भरायचा. मान खाली, नजर जमिनीवर. आता खोटेपणा करणारा माणूस नजर चुकवतो हे खालिकला चांगलं ठाऊक होतं; पण समदने नजर वर कधी केली होती, की आज चुकवली म्हणून संशय यावा?

"आण," म्हणून खालिकने कांगडी फेरनच्या आत घेतली आणि पोटाशी धरली. ऊब येईना. त्याने आत हात घातला, वरची थंड राख बाजूला झाली आणि बोटं थेट बर्फात गेली.

"या अल्ला!"

"शीन," समद म्हणाला. मग लक्षात आलं की एवढ्याशा आवाजात चालत नाही, म्हणून ओरडला, "शीन! भाईजान, शीन!"

ताजाच्या हातातला चहा सांडला. गफार तर उंबऱ्यावर बसूनच हसायला लागला. "अरे, कोल्हा सापडला! आणि कुणाला सापडला बघा!"

खालिकही खळखळून हसला. "शाब्बास रे! गावात तोंड काळं केलंस माझं. माग! कोंबडा माग, नाहीतर मटणाचा हरिसा माग, पातेलंभर देतो!"

 समदने मान वर केली.

"मी अकोल्याला येणार नाही."

खालिकने कांगडी खाली ठेवली.

"हे बर्फावर मागायचं नसतं," खालिक म्हणाला. "खायचं काहीतरी माग."

"का नसतं?" ताजा मध्ये पडली. "मागे एकदा गफारभाईकडून अख्खी मेंढी उपटलीस, तेव्हा नियम बघितलास का?"

"मेंढी काढूच नका, भाबी, अजून जखम ओली आहे," गफार म्हणाला.

"तू गप!" खालिक गफारवर खेकसला. "अगं ताजा, हा इथे राहून करणार काय? खाणार काय?"

"टोपल्या विणेन," समद म्हणाला. "पुरुषमाणसं निघून जातात, म्हाताऱ्यांच्या छपरावरचा बर्फ ढकलायला कुणी नसतं. तो ढकलेन. गुरं बघेन." इतकं एका दमात तो आयुष्यात बोलला नव्हता.

खालिक चिडला. "तुझी जीभ सुटावी म्हणून नेत होतो मी तुला!"

"सुटली नाही, भाईजान. तिथे आणखी आत गेली."

 "राहा मग," एवढंच म्हणून खालिक उठला आणि पुढचे दिवस समदशी एक अक्षर बोलला नाही. समदला जेवण गोड लागेना. तरी गठ्ठ्यांमध्ये त्याने आपली वळकटी ठेवली नाही.

निघायच्या सकाळी पावसात मिसळलेला बर्फ पडत होता. समदने गठ्ठे अड्ड्यापर्यंत वाहून नेले, गाडीच्या टपावर चढवले, दोरी आवळली. खाली उतरला तेव्हा खालिक अजून गाडीत बसला नव्हता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मला भीती वाटते रे. परक्याच्या दारात उभं राहायची. तू मागे असायचास म्हणून तोंड चालायचं. धाकट्यासमोर थोरल्याने घाबरायचं कसं? आता मागे कुणी नाही."

 इतके हिवाळे समद या माणसाच्या पाठीकडे बघत उभा होता, आणि त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. येतो म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं.

"दार उघडलं की कपाळाकडे बघायचं," शेवटी तो म्हणाला. "डोळ्यांत नाही. मी त्या दिवशी तुझ्या कपाळाकडे बघून बोललो. डोळ्यांत बघितलं असतं तर निघालो असतो तुझ्याबरोबर."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. खालिकने समदचे दोन्ही खांदे धरले.

"मग आता बघ डोळ्यांत."

समदने बघितलं. भावाचे डोळे भरले होते, त्याचेही भरले.

"आता बोल."

"येणार नाही, भाईजान."

खालिकने त्याला एकदा छातीशी घट्ट धरलं आणि तो गाडीत चढला.