पुढची उजवी बाजू

मिस्त्रीने सासऱ्यांची गाडी चौथ्यांदा लिफ्टवर चढवली, तेव्हा गॅरेजातल्या दोघा कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापलं काम उचलून ते मुकाट्याने लांबच्या कोपऱ्यात गेले. या गाडीखाली उभ्या असलेल्या मिस्त्रीशी बोलायचं नसतं, एवढं त्यांना तीन आठवड्यांत कळून चुकलं होतं.

गाडी मोठी आणि रुबाबदार. डोंगर चढेल, ओढा ओलांडेल, आणि आतला माणूस मात्र दिवाणखान्यात बसल्यासारखा बसेल, अशी तिची ख्याती. पण ती ख्याती अठरा वर्षांपूर्वीची. तिला पोलादी स्प्रिंगा नव्हत्याच. चार चाकांवर रबराचे चार जाडजूड फुगे होते. एक बटण दाबलं की त्यांत हवा भरून गाडी उंच व्हायची, दुसरं दाबलं की हवा सोडून खाली बसायची. गाडी नवी होती तेव्हा ही चैन होती. आता तो डोक्याला ताप होता. रोज सकाळी पाहावं तर गाडी बसलेली, चालू केली की कॉम्प्रेसर घरघर करत सुटलेला, आणि समोर पिवळा दिवा पेटलेला.

"विकून टाका मामा," मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सासऱ्यांना तो मामा म्हणत असे. "या वयाची अशी गाडी सांभाळणं म्हणजे घरात हत्ती बांधणं. छानशी लहान गाडी बघून देतो."

"गाडी विकायची नाही, जावईबापू. दोष काय आहे तेवढं सांगा."

सासरे आयुष्यभर जमिनीची मोजणी करत आलेले. निवृत्त झाले तरी खिशातली टेप सुटली नव्हती. बोलणं मोजकं, सही कोरीव, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. मिस्त्रीच्या मनात मात्र पक्कं बसलं होतं की हा निव्वळ म्हातारपणीचा डौल आहे. जन्मभर सरकारी जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली, आता राजासारखं फिरायचंय. फिरा बापडे! पण माझी मान का मोडता?

पहिला घोळ गाडीनेच घातला होता. ही गाडी बंद असतानाही मधूनमधून आपली आपण जागी व्हायची. एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणायची आणि पुन्हा झोपायची. म्हणजे चोर एक, आणि सकाळी चौघांच्या माना खाली! मिस्त्रीने सासऱ्यांना एक फ्यूज दाखवला आणि सांगितलं, संध्याकाळी गाडी लावली की हा काढून ठेवायचा. मग ज्याची हवा जाईल तोच बसेल. आणि रोज सकाळी डाव्या-उजव्या बाजूंत किती फरक पडतो ते मोजून लिहायचं.

सांगायचा अवकाश, सासऱ्यांनी वहीच घातली. तारीख, वेळ, हवामान, आणि खाली: 'पुढची उजवी, डावीपेक्षा पस्तीस मिलिमीटर कमी.' पुढच्या पानावर एकतीस. त्याच्या पुढच्या पानावर अडतीस. अशी वही पाहून कुणाही मेकॅनिकचं मन भरून आलं असतं. मिस्त्रीचंही आलं. चोर सापडला, आता घटकाभराचं काम.

पण गाडी गॅरेजात आली आणि तिने ताकास तूर लागू दिली नाही. मिस्त्रीने फ्यूज काढला, चारही चाकांशेजारी खडूने खुणा केल्या. तीन दिवस गाडी सपाट फरशीवर उभी राहिली आणि केसभरही हलली नाही. साबणाचं पाणी फवारून त्याने नळी न् नळी, सांधा न् सांधा तपासला. फुगा पूर्ण उंचीवर ताणून, बॅटरी लावून गोलगोल पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ! शेवटी वाटलं, हवेची वाटणी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातच खोट असेल. तो उघडून आतल्या सगळ्या रबरी कड्या बदलल्या. गाडी घरी गेली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. "तेहतीस."

नुसता आकडा. ना नमस्कार, ना चमत्कार.

मग त्याने उंची सांगणारा सेन्सर बदलला. 'छत्तीस.' धापा टाकून म्हातारा झालेला कॉम्प्रेसर बदलला. 'चौतीस.' आपल्या गॅरेजात ही गाडी शहाण्या मुलीसारखी वागते आणि माहेरी गेली की अंगात येते, हे पाहून मिस्त्रीला जेवण गोड लागेना.

"अहो, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा ना," बायकोने सुचवलं.

"दुसऱ्या कुणाला? तीस वर्षं काय मी गवत उपटत होतो?"

"गाडीवरचा राग माझ्यावर काढू नका."

"गाडीवर राग नाहीच माझा. तुझ्या वडलांवर आहे!"

"मग त्यांच्यावर काढा," बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

चौथ्या वेळी लिफ्टखाली उभं राहून तो तासभर नुसता वर बघत होता. मग गाडी खाली उतरवली, सासऱ्यांच्या दारात नेऊन उभी केली आणि चावी देऊन निघून आला. ठरवलं एवढंच, की दोन दिवसांनी सकाळी न सांगता जायचं आणि गाडी बसलेली असतानाच धरायची.

त्याप्रमाणे सात वाजता साबणाच्या पाण्याची बाटली, बॅटरी आणि जॅक घेऊन तो फाटकाशी पोहोचला आणि तिथेच थबकला.

गाडी एका बाजूला झुकलेली होती, ते अपेक्षितच होतं. पण सबंध गाडीच खाली होती, पोट जमिनीला टेकेल इतकी. उघड्या दारात मामी, म्हणजे त्याची सासू, सीटवर आडवी बसली होती. तिने आपला उजवा पाय दोन्ही हातांनी मांडीखाली धरला होता, एखादी जड पिशवी उचलावी तसा. आणि आयुष्यात कुणापुढे न वाकलेले सासरे खाली गुडघ्यांवर बसून तिची टाच तळहातावर घेऊन हळूहळू आत सरकवत होते. मामीचे ओठ आणि डोळे घट्ट मिटलेले होते. पाय आत गेल्यावर तिने डोळे उघडले आणि समोर जावई.

"झालं!" ती म्हणाली. "आता घरभर होणार."

सासरे उठून उभे राहिले. गुडघ्यांची माती झटकली. "फिजिओथेरपीला जायचंय आठ वाजता," ते म्हणाले, जणू कुणी वेळ विचारली होती.

"कधीपासून?"

"पाच महिने. खुब्याचं हाड झिजलंय. उंच चढता येत नाही हिला."

मिस्त्रीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आणि जे झालं त्याने तो जास्तच भडकला. "म्हणजे तुम्ही गाडी रोज अशी खाली बसवून ठेवता?"

"संध्याकाळी ही उतरते तेव्हा खालीच असते. तशीच ठेवतो. सकाळी पुन्हा बसायचं असतं."

"आणि मग फ्यूज काढता."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मामा! तीन आठवडे मी ती गाडी उंच उभी करून तपासतोय! वहीत हवामान लिहिलंत, वारा कुठून वाहतो ते लिहिलंत, आणि गाडी जमिनीपासून किती उंच होती ते लिहायला काय शाई संपली होती?"

"तुम्ही डाव्या-उजव्यातला फरक मागितलात. मी फरक लिहिला. वहीत एक आकडा खोटा नाही."

"खराही नाही!"

"मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून," मामी मधेच म्हणाली. "गेल्या वर्षी नुसती घसरले तर तुझ्या बायकोने आमचं सामान बांधायला घेतलं होतं. मला माझ्या घरात राहायचंय. तू गाडीचं बघ, माझं नको."

मिस्त्रीने गाडीचंच पाहिलं. मामीला उतरवून खुर्ची दिली, गाडीला जॅकचा टेकू दिला, चाक वळवलं आणि चाकावरच्या कमानीत हात घालून फुग्यावर पाणी फवारलं. फुगा खाली दबलेला असल्याने त्याच्या रबराची घडी भलत्याच जागी पडली होती. त्या घडीच्या तळाशी, बोटभर लांबीच्या भेगेतून, मोहरीएवढे बुडबुडे शांतपणे येत होते. गाडी उंच केली की घडी दुसरीकडे जायची आणि ही भेग मिटायची. म्हणजे पहिल्याच दिवशी फुगा खाली बसवून बघितला असता तर काम संपलं होतं. ते त्याला सुचलं नव्हतं. राग काढायला आता कुणी उरलं नाही, हे ध्यानात येऊन तो तिथेच मातीत बसून राहिला.

"सापडलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सापडलं."

"कुठे?"

"बघा स्वतःच." सासरे वाकून बघत राहिले. मग त्यांनी सवयीने टेप काढली, भेग मोजली आणि परत खिशात घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. मिस्त्रीने लग्नानंतरच्या बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. तो उगाचच बाटलीचं झाकण घट्ट करू लागला.

"मामी," तो म्हणाला, "मी आपणहून तोंड उघडणार नाही. पण घरी पहिला प्रश्न येणार, दोष सापडला कसा? आणि तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही, पकडला जातो. रविवारपर्यंत तुम्हीच सांगा."

शनिवारपर्यंत पुढचे दोन्ही फुगे नवे बसले. रविवारी मायलेकींचं तासभर फोनवर भांडण झालं. फोन ठेवल्यावर बायको मिस्त्रीकडे वळली.

"तुम्हाला बुधवारपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून," मिस्त्री म्हणाला, आणि उरलेला दिवस त्याने गॅरेजात काढला, सुट्टी असून.

मामीने घर सोडलं नाही. मुलीने हट्ट सोडला नाही, फक्त वळवला; चार महिन्यांनी मामीचा खुबा बदलला गेला. घरी पाठवताना डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं, काही महिने खाली, खोलगट जागी बसायचं नाही. बैठक उंच हवी.

सासऱ्यांनी तिथूनच फोन लावला. "जावईबापू, गाडी आता उंचच ठेवायची आहे. राहील ना?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. मग भंगारातली जाड पट्टी शोधली, कापली, जोडली, आणि दाराखाली एक मजबूत पायरी बसवली, वर धरायला दांडा. मामीने काठी टेकत पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, आणि हळूहळू, मधे एकदा थांबून, स्वतःच्या पायाने वर चढली. सीटवर नीट बसली. बाहेर वाकून पायरीकडे पाहिलं.

"हा काय रंग दिलास रे?" ती म्हणाली. "दुसरा नव्हता?"