मोरचुदाचा वाफा

जंबेरीच्या, म्हणजे खरबरीत सालीच्या जंगली लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलमं तयार करायची, हे काम मी अमरावतीजवळच्या माझ्या रोपवाटिकेत आयुष्यभर केलं. जंबेरीचं बी तेल्हाऱ्याहून माझा थोरला चुलतभाऊ पाठवायचा. काही वर्षांपूर्वी रोपं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधलं पान फिकट. गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, तेल्हाऱ्याचं बी बिघडलं. मग बाकीच्या रोपवाटिकांनीही त्याचं बी घेणं सोडलं. मी दुसरीकडचं बी आणलं. पिवळेपणा तसाच राहिला. तरी बियाला दिलेला दोष मी मागे घेतला नाही.

यंदा चुलतभावाच्या मुलीने त्याच्या झाडाची जंबेरीची फळं सहज आणून दिली. म्हटलं, बघू तरी. बी दोन डब्यांत लावलं. एकात विहिरीजवळच्या वाफ्याची माती, दुसऱ्यात धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची. पाणी एकच. धुऱ्याच्या मातीतली रोपं हिरवीगार आली, वाफ्याच्या मातीतली पिवळी. एक पिवळं उपटलं. मूळ जाड, आखूड, तपकिरी. केसासारखी बारीक मुळं जवळजवळ नव्हतीच.

माती तपासली तेव्हा तांबं फार निघालं. ते माझंच होतं. रोपं कुजू नयेत म्हणून दर हंगामात मी मोरचूद पाण्यात विरघळवून वाफ्यावर ओतायचो, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. पाणी जवळ म्हणून वाफा कधी हलवला नाही. पिवळं दिसलं की रोग समजून आणखी ओतायचो.

गंमत अशी, की रोपाला तांबंही लागतं, पण चिमूटभर. जास्त झालं की मूळच जळतं, आणि मातीत लोह असूनही रोप उपाशी राहतं. आपल्या काळ्या मातीतला चुना लोह आधीच अडवून ठेवतो. पानातल्या हिरव्या रंगात लोह नसतं, तरी लोहावाचून तो रंग तयार होत नाही. हे मला या वयात कळलं, आणि इतकी वर्षं मी मूळ न बघता पानंच न्याहाळत होतो.

दोन्ही डबे घेऊन तेल्हाऱ्याला गेलो.

"दादा, दोन्ही तुझ्याच बियाचे आहेत. बी चांगलंच होतं. वाफा म्या खराब केला."

त्याने पिवळ्या रोपाचं पान उलटं करून पाहिलं.

"हे मले काहून सांगून राहिला? माह्यं बी कसं हाय ते मले ठाऊक हाय. ज्याईले खराब सांगतलं, त्याईले सांग."

म्हणून हे लिहिलं. माझी कलमं नेलेल्यांनी आणि बी घेणं सोडलेल्यांनी वाचावं.

निघताना हिरवा डबा त्याच्यासाठी ठेवू लागलो, तर म्हणाला, "तो ने. पिवळा ठेव. माह्या मातीत लावून पायतो, हिरवं होते का."

ते हिरवं झालं का, हे विचारायला आता मी दर आठवड्याला त्याला फोन करतो.