बहुतेक सर

आमचे सर छातीठोकपणे कधीच काही बोलत नसत. 'चहा घेणार का?' म्हटलं तरी उत्तर 'बहुतेक'. धुळ्याच्या कॉलेजात सगळे त्यांना बहुतेक सरच म्हणत. गेल्या वर्षी ते गेले. अजूनही कुणी फार ठासून बोलायला लागलं की त्यांची आठवण येते.

यंत्राला जगाचं ज्ञान कसं द्यायचं, हा त्यांचा विषय. फळ्यावर गोल काढायचे, गोलांमध्ये बाण. वरच्याचे गुण बाणावरून खालच्याकडे वारशाने येतात. "वांगं जांभळं असतं. भरताचं वांगं हेही वांगंच ना? मग ते हिरवं कसं?" आमच्याकडे भरताची वांगी हिरवीच, त्यामुळे आम्ही खानदेशी पोरं हसायचो. सर सांगत, "लांबून आलेल्या माहितीपेक्षा जवळची खरी धरा. आणि दोन बाण सारखेच जवळचे असून भांडत असतील, तर तोंड मिटून बसा." हे शेवटचं सांगताना त्यांना फार आनंद व्हायचा.

मनीषशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा दोंडाईच्याला आमच्या घरात अबोला सुरू झाला. मनीष धरणगावात शिक्षक, पण घराणं मारवाडी व्यापाऱ्यांचं. मला नुकतीच नोकरी लागलेली. ती सुटेल म्हणून नाना, माझे वडील, अडून बसले. शेवटी मीच सरांना घरी बोलावलं.

"व्यापारीसना घरन्या सुना नोकरी करतस का कधी?" नानांनी विचारलं.

सरांनी ओट्यावर खडूने एक गोल काढला, तो मनीष. एक बाण व्यापाऱ्यांकडे: सुना घरात. दुसरा शिक्षकांकडे: बायका नोकरीला. "दोन्ही सारखेच जवळचे, नाना. यातून काहीच निघत नाही."

"मंग मास्तर, येवढं चित्र कसाले काढं?"

"काही निघत नाही, हे दिसावं म्हणून." सर अगदी गंभीर होते. "मुलालाच भेटा."

नाना खरंच धरणगावला जाऊन आले. चपला काढायच्या आधी मला सरांना स्पीकरवर फोन लावायला लावला. "मास्तर, मी पोरगाले इचारं, तिले नोकरी करू देशी का? तो म्हने, मी कोण देणारा? तिलाच विचारा."

सर म्हणाले, "चुकलंच माझं, नाना. चित्रात मी तिला घातलंच नाही."

नाना माझ्याकडे वळले. "तुले काय वाटस, बेटा?"

तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर तयार होतं, पण रडूच आलं. पलीकडे सरांनी फोन ठेवला नाही. मी बोलेपर्यंत ते थांबून राहिले.