बांधायचं, पण गाठ मारायची नाही

सेवाग्रामच्या दवाखान्यात जमनामावशींची शेवटची भेट झाली, तेव्हा त्यांच्या उशाशी बांधणीसाठी बांधलेलं एक कापड होतं. लकव्यानं बोटं बधिर झालेली, तरी बाईंचं काम चालूच. कापड माझ्यापुढे करून त्यांनी विचारलं, "सुमे, पाह्य बरं, मीनं कुठं गाठ त नाई मारली ना?" मी बोट फिरवलं. गाठ होती... चांगली घट्ट. "नाई मावशी," मी म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, आणि ते खोटं माझ्यापाशीच राहिलं.

सेलूला आमच्या शेजारी त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं कच्छातलं, पण मावशी भांडायच्या अस्सल वऱ्हाडीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी आले आणि दुपारी त्यांच्याकडे बांधणी शिकायला जाऊ लागले. करंगळीचं नख वाढवायचं, त्यानं कापडाचा बारीकसा चिमटा उचलायचा, दोऱ्याचे फेरे द्यायचे आणि तोच दोरा न तोडता पुढे न्यायचा. रंगात बुडवलं की फेऱ्यांखालचा ठिपका कोरा राहतो. मग कापड दोन्हीकडून ओढलं की फेरे तडतड सुटतात. मध्ये गाठ असली, तर तिथं कापड फाटतं. नाव बांधणी आणि गाठ मारायला बंदी, याचं मला तेव्हा फार हसू यायचं!

पिपरी मेघे गावच्या एका नवरीची चुनरी होती. बांधता बांधता माझ्या हातून दोरा तुटला. मावशी ओरडतील म्हणून मी गुपचूप गाठ मारली. चुनरी रंगली, वाळली. गिऱ्हाइकासमोरच उलगडायची रीत, म्हणून नवरीची आई आणि आत्या टोकं धरून उभ्या राहिल्या. लग्नाच्या चुनरीला भोक पडणार, हे त्या पडवीत फक्त मला ठाऊक होतं. तरी मी नुसती पाहत राहिले... ओढण्याआधी मावशींनी सवयीनं नख फिरवलं आणि नख अडलं. "थांबा वो," म्हणून त्यांनी दातानं दोरा तोडला. "दोरा जुना हाये," असं हसून पाहुण्यांना सांगितलं.

पाहुणे गेल्यावर मात्र त्या माझ्याकडे वळल्या. "गाठ मारली त मारली. पण काऊन बोलली नाई? कापड फाटून राह्यलं असतं, अन् तू पाहत उभी!" तीन दिवस बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता हे दार बंद झालं. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "नख वाढलं का वो? येजो."

तेरवीनंतर मुलानं ते दवाखान्यातलं कापड मला दिलं. "तुमच्याचसाठी बांधत होती," म्हणाला. कित्येक दिवस मी त्याला हात लावला नाही. मला भीती वाटत होती, कापडाची नव्हे, स्वतःचीच. अखेर परवा ते लाल रंगात बुडवलं, वाळवलं. लेक एक टोक धरून उभी राहिली आणि ओढणार, इतक्यात मी ओरडले, "थांब! इथं गाठ हाये." दातानं दोरा तोडला.

"कोणं मारली?" लेकीनं विचारलं.

"मावशीनं. मले तवाच मालूम होतं... अन् मी बोलली नाई."