सरोजिनीबाईंची पहिली टीम

सरोजिनीबाई १९८१ साली पेठ वडगावजवळच्या एका हायस्कुलात खेळाच्या शिक्षिका म्हणून लागल्या, तेव्हा पी.टी.च्या तासाला मुली वर्गात बसून विणकाम करायच्या. बाईंनी त्यांना मैदानात आणलं. परकरात पळता येईना, म्हणून घरच्या मशीनवर बारा हाफपँटी शिवल्या. गावानं नावं ठेवली. बाई घरोघरी फिरल्या, आयांच्या हातापाया पडल्या, तेव्हा कुठं मुलींची खो-खोची टीम उभी राहिली. आसपासच्या गावांत अशी टीम आधी कुणी पाहिलीच नव्हती.

त्यात आठवीतली बाळाबाई होती. ती पळताना कुठं वळेल, याचा पाठलाग करणारीला पत्ताच लागायचा नाही.

दोन वर्षांनी टीम जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचली. आदल्या दिवशी खांबावर झेप घेताना बाळाबाईचा गुडघा मुरगळला. सकाळी तो टम्म सुजला होता.

"बाई, पाय टेकवत न्हाय की," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाईंनी ओलं फडकं आवळून बांधलं. "एवढा एक डाव काढ. आज हरलो, तर पुन्हा कुणी पोरींना खेळायला सोडणार नाही."

बाळाबाई खेळली. टीम जिंकली. तिचा पाय मात्र परत कधी सरळ झाला नाही. शाळा सुटली, दोन स्थळं परत गेली, शेवटी इचलकरंजीच्या एका बिजवराशी लग्न लागलं. पत्रिका येऊनही बाई लग्नाला गेल्या नाहीत. तिच्यासमोर उभं राहायची हिंमतच झाली नाही.

गेल्या वर्षी शाळेनं बाईंचा सत्कार ठरवला. बाई आता पंचाहत्तरीला टेकल्यात. बाळाबाईला सोबत घेऊनच जायचं, असं ठरवून त्यांनी पत्ता शोधला आणि इचलकरंजी गाठली. बाळाबाईनं लगेच ओळखलं. भिंतीचा आधार घेत ती स्वयंपाकघरात गेली, चहा घेऊन आली.

"तुझी माफी मागायला आलेय," बाई म्हणाल्या.

"तुमच्यावर राग न्हाय, बाई." तिनं कपबशी पुढं सरकवली. "पर खरं सांगू? मी खेळलोच नसतो तर बरं झालं असतं."

सत्काराचं बोलणं बाईंनी काढलंच नाही. चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

कार्यक्रमालाही त्या गेल्या नाहीत. त्या टीममधली अनुजा पोलिसात फौजदार होऊन निवृत्त झाली. ती अजून फोन करते. "बाई, तुम्ही नसता तर मी चुलीपुढंच राहिले असते," म्हणते. बाई नुसतं "हं" म्हणतात आणि फोन ठेवून देतात.