माझ्या पोरीला आउट करा

माझी मुलगी शाळेच्या क्रीडा दिनात कधीच हरलेली नाही. एका पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी असलेल्या मुलीबद्दल हे ऐकलं, की लोक गहिवरतात. माझं मात्र डोकं फिरतं, कारण ती कशी जिंकते ते मी दर वर्षी समोर बसून बघते.

ती या शाळेत आली त्या वर्षी तिला खेळवलंच नाही. पाहुण्यांच्या शेजारी स्टेजवर खुर्ची दिली, छातीवर बिल्ला लावला आणि दुपारपर्यंत शोभेला बसवून ठेवलं. स्टेजला पायऱ्या होत्या म्हणून दोन मास्तरांनी मोठ्या हौसेनं तिला उचलून वर नेलं. फोटो निघाले. खाली उतरवायचं मात्र सगळेच विसरले. मंडपवाला सतरंजी गुंडाळायला आला, तेव्हा त्याला ती सापडली. त्याच कार्यक्रमात, मी ड्यूटीवर पळायच्या आधी, माझाही ‘वीरमाता’ म्हणून सत्कार झाला. वर्षभर कुबडी घेऊन चालते ती, आणि शाल-नारळ मला! मी बसमध्ये कंडक्टर आहे. दुसऱ्या दिवशी धामणगाव बढेच्या फेरीला तो नारळ आम्ही ड्रायव्हरच्या हातानं फोडला आणि मागच्या सीटपर्यंत वाटला. निदान त्याचं तरी चीज झालं.

पुढच्या वर्षी वरून कुठूनतरी ‘समावेशन’ हा शब्द आला. आता हिला पळवायलाच हवं होतं. मग तिच्यासाठी वेगळी शर्यत काढली. पण एकटीच पळाली तर दुसरा-तिसरा नंबर कुणाला द्यायचा? तीन पायऱ्यांचा चौथरा सुतारानं आधीच करून ठेवलेला. म्हणून शाळेतले सगळ्यात वेगवान दोन पोरगे निवडले आणि त्यांना दम भरला, की पळायचं, पण हिच्या पुढं जायचं नाही. एक पोरगा इमानदारीत तिच्या मागं रेंगाळत आला. दुसऱ्याला इतका कंटाळा आला की मैदानाच्या कडेच्या बोरीखाली थांबून तो बोरं वेचायला लागला. हेडमास्तर माईकवरून ओरडत होते, “अरे ए तिसरा नंबर! लवकर ये!”

पोरगी पहिली आली. ते मेडल तिनं घरी आल्या आल्या शेळीच्या गळ्यात घातलं. शेळीला शोभूनही दिसलं.

पण तिचं खरं दुखणं मधल्या सुट्टीतलं होतं. लहान भावंडांना खेळात घ्यावंच लागलं, की मोठी पोरं त्यांना ‘कच्चा लिंबू’ करतात. कच्चा लिंबू पळतो, ओरडतो, सगळं करतो; पण त्याला कुणी पकडलं तरी तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. थोडक्यात, तो खेळात असतो आणि नसतोही. लहान पोरं मोठी झाली की पक्की होतात. माझी पोरगी सहावीत गेली, तिच्या मागून आलेली शेंबडी पोरं पक्की झाली, ही मात्र कच्चीच राहिली. पोरींच्या मनात वाईट नव्हतं. ‘तिला सांभाळून घ्या’ असं त्यांना रोज परिपाठात सांगितलं जायचं, आणि त्या आज्ञाधारक होत्या.

यंदा क्रीडा दिन जवळ आला तेव्हा ती भाकरी खाता खाता म्हणाली, “आई, मले संगीत खुर्चीत भाग घ्यायचा हाय. आन आउट झाली तं आउट व्हायचं हाय. साऱ्या शाळेसमोर आउट झाली म्हंजे मंग मले कोणी कच्चा लिंबू नाई करू शकत.”

“बरं,” मी म्हटलं.

“आन यंदाबी बक्षीसच देलं, तं मी त्या शाळेत जात नाई.”

ती उगाच धमक्या देणारी नाही. नाही म्हणजे नाही. शिक्षणच सोडायची गोष्ट होती ती. मी दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी हेडमास्तरांकडं गेले. माणूस सज्जन आहे, आणि तीच पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“सर, पोरीला संगीत खुर्चीत घ्या.”

“घेऊ ना ताई! काऊन नाही? पहिला नंबर पक्का समजा.”

“पहिला नको. तिले आउट होऊ द्या.”

सरांनी हातातला चहा खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “ताई, घरी काही वाद झाला काय?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलंही. मग म्हणाले, “तुमचं बरोबर हाय. पण पाहुणे येऊन राह्यले. त्यायच्यासमोर तिले खेळातून काढायचं? कसं दिसन ते?”

“बाकीच्या पोरी आउट होतात तेव्हा कसं दिसते?”

“त्यायची गोष्ट वेगळी हाय ना ताई,” सर म्हणाले, आणि बघतो, करतो, असं पुटपुटत त्यांनी मला दारापर्यंत पोहोचवलं.

क्रीडा दिनाला मी रजा टाकली. मैदानाच्या तोंडाशीच ‘खेळ सर्वांचा’ असं लिहिलेलं बॅनर ताणलं होतं. त्याच्या दोऱ्या अशा आडव्या बांधल्या होत्या, की माझ्या पोरीची कुबडी त्यातच अडकली. दोन गुरुजी धावत आले, कुबडी सोडवली आणि बॅनरखाली तिचा फोटो काढला.

संगीत खुर्ची सुरू झाली. गाणं लावायला-थांबवायला खेळाचे सर बसले होते. खुर्च्यांकडं पाठ करून बसायचं सोडून ते माझ्या पोरीवर डोळा ठेवून होते. ती दोन खुर्च्यांच्या मधे असली की गाणं चालूच. खुर्चीसमोर आली रे आली की बंद. एकदा ती मागं राहिली, तर तिच्या वर्गातली दोन वेण्यांची पोरगी बसलेल्या खुर्चीवरून शहाण्यासारखी उठली आणि तिला जागा दिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, संपली हिची शाळा.

मी उठले. जुन्या बसच्या इंजिनावर ओरडून ओरडून कमावलेला आवाज आहे माझा. “ओ सर! पाठ फिरवा! गाणं लावणाऱ्यानं खेळाकडं पाहायचं नसते! आन पोरींनो, जी बसली ती बसली! उठायचं काम नाही!”

खेळाच्या सरांनी तो डाव रद्द केला, दोन वेण्यांचीला परत खेळात घेतलं आणि पाठ फिरवली. स्टेजवरचे पाहुणेही दचकून पाठ फिरवून बसले, त्यांना कुणीतरी परत सरळ केलं.

आता खेळ लागला. धूळ उडायला लागली. पोरी गळत गेल्या आणि माझी टिकून राहिली, तीही स्वतःच्या दमावर. मग गाणं भलत्याच वेळी थांबलं. पोरगी खुर्चीपासून लांब होती. तिनं कुबडी पुढं टाकली, खुर्चीच्या हाताला अडकवली आणि खस्सकन ओढली. नेमकी त्याच क्षणी दोन वेण्यांची पोरगी तिथं बसायला गेली आणि धाडकन मातीत पडली. माझी पोरगी ऐटीत खुर्चीवर जाऊन बसली.

दोन वेण्यांची उठली, आणि सगळा परिपाठ विसरली. “चिटिंग! चिटिंग करून राह्यली ही! खुर्ची ओढली हिनं!”

“मी पयले धरली होती!”

“धरून काय होते? बसा लागते! आउट हाय तू!”

खेळाच्या सरांनी हेडमास्तरांकडं पाहिलं, हेडमास्तरांनी पाहुण्यांकडं. पाहुणे प्रेमळ हसून म्हणाले, “असू द्या, असू द्या. राहू द्या तिलाच.”

“काऊन राहू द्या?” दोन वेण्यांची पाहुण्यांवरच उखडली. मागं बसलेल्या, आधीच आउट झालेल्या पोरी ओरडायला लागल्या, “आउट! आउट!” मग पोरगेही ओरडायला लागले. खेळाच्या सरांनी घाम पुसला आणि ते म्हणाले, “आउट.”

माझी पोरगी आउट झाली. तिला हवं होतं तेच झालं होतं, पण ती कसली ऐकते! तिनं सरांशी वाद घातला, कुबडी आपटली, शेवटी तणतणत आउट झालेल्या पोरींच्या रांगेत जाऊन बसली. पोरी सरकल्या. खेळ संपल्यावर दोन वेण्यांचीही तिथं आली आणि खरचटलेलं कोपर तिच्या नाकासमोर नाचवत भांडायला लागली.

पाहुणे कळवळून माझ्याकडं वळले. “अशा मुलीशी असं भांडतात का हो? तुम्ही तरी थांबवा.”

“भांडू द्या साहेब,” मी म्हटलं. “आजवर तिच्याशी कुणी भांडलंच नव्हतं.” आणि मला रडू फुटलं. इतका आनंद मला कुठल्याच मेडलचा झाला नव्हता.

“उद्या ये तू शाळेत,” दोन वेण्यांची ओरडत होती. “मधल्या सुट्टीत पाहते तुले!”

“येते ना!” माझी पोरगी म्हणाली. “तूच पळू नको.”